तात्यांच्या पांघरुणातल्या बॅटऱ्या

हिवाळ्यात सकाळी मोटारसायकलवरून जाताना मला कुणी पाहिलं की हमखास हाक येते, "रफिकभाई, तब्येत सुधारली बरं का!" मी नुसती मान हलवतो. जाकिटाच्या आत जे पुढं आलेलं दिसतं ते माझं पोट नसतं, ड्रोनच्या बॅटऱ्या असतात. आत बनियन, त्यावर बॅटऱ्या, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट आणि गळ्याशी मफलर. आमची शमीम म्हणते, पोरांनासुद्धा इतकं पोटाशी धरलं नव्हतं तुम्ही. खरं आहे बाई. पण पोरांना थंडी वाजली तर पोरं रडून सांगायची. बॅटरी रडत नाही. ती गुपचूप वर जाते आणि वर गेल्यावर दगा देते.

बेलापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. अब्बांनी सुरू केला, मी चालवला. फोटो झाले, लग्नाच्या कॅसेटी झाल्या, सीड्या झाल्या, आणि उतारवयात हे उडतं खेळणं गळ्यात पडलं. कोणता कॅमेरा कधी घेतला ते सांगत बसलो तर तुम्ही पान उलटाल, आणि मीही उलटलं असतं. म्हणून मी फक्त थंडीबद्दल लिहितो. नगर जिल्ह्यातल्या थंडीला बाहेरचे लोक हसतात. म्हणतात, तुमच्याकडं काय बर्फ पडतो का? बर्फ पडत नाही, पण डिसेंबरात पाट वाहता असताना, उसाच्या कडेला, उजाडायच्या वेळी येऊन उभे राहा. मग बोलू.

आता ह्या बॅटरीचं दुखणं काय, ते सांगतो. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी थिजते, ते प्रत्येकाच्या घरात आहे. तेल बाटलीत असतंच, भरलेली असते बाटली, पण उलटी केली तरी थेंब पडत नाही. बॅटरीचं तसंच. आत वीज भरलेली असते, रिमोटला लावलेल्या मोबाईलवर शंभर टक्के दिसतं, पण थंडीत ती बाहेर यायला मागत नाही. ड्रोनला तर वर चढताना वीज लागते भसाभसा. तो मागतो, बॅटरी देत नाही, मग शंभराचे एकदम तीस होतात आणि ड्रोन आपलं आपण खाली यायला लागतो. खाली विहीर आहे, पाहुण्यांचा मांडव आहे की ऊस आहे, ते तो बघत बसत नाही. हल्लीची यंत्रं जरा शहाणी झालीत. बॅटरी गार असली की पडद्यावर लिहून येतं, 'बॅटरी थंड आहे, आधी गरम करा.' पण गरम कशी करा, ते लिहून येत नाही.

ते आम्ही आमचं शोधलं. शमीमनं जुनी गोधडी फाडून बॅटऱ्यांसाठी एक पिशवी शिवली. आत कप्पे, वरून झाकण, गुंडी. लांबच्या कामाला शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून त्यात घालायची. जवळच्या कामाला माझं पोट पुरतं. बॅटरी हाताला कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखी लागली की समजावं, आता उडेल. उडवल्यावरसुद्धा लगेच उंच न्यायचा नाही. डोक्याइतक्या उंचीवर जरा घुटमळू द्यायचा, म्हणजे बॅटरी स्वतःच्या कामानं तापते. आणि विस्तवाजवळ मात्र कधी, कधी म्हणजे कधीच न्यायची नाही.

हे शेवटचं वाक्य मी सगळ्यांना सांगतो. ऐकत कुणी नाही. कर्जतकडे एका साखरपुड्याला गेलो होतो. शेजारच्या ढाब्याचा मालक फार अगत्याचा. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात त्यानं माझी एक बॅटरी उचलून तंदूरच्या कडेवर ठेवली. का, तर "भाई, तुमी मघाधरनं तिला पोटाशी धरून बसलाय, म्हनलं जरा शेकू द्यावी." येऊन बघतो तर बॅटरी उशीसारखी फुगलेली! मी चिमट्यानं धरली आणि लांब वाळूच्या ढिगाऱ्यावर भिरकावली. तिथं ती फुसफुसली, धूर सोडला आणि भडकली. ढाब्यातली गिऱ्हाइकं हातातल्या रोट्या घेऊन हायवेवर. मालक तेवढं बोलला, "आयला, ही तर लई तापट निघाली."

घोडेगावच्या बाजारात उलट झालं. जनावरांचा बाजार सकाळी भरतो, तेव्हाच वरून चांगला दिसतो, आणि तेव्हाच गारठा जीव घेतो. शमीमच्या पिशवीतलं पाणी वाटेतच निवलं होतं. मी हात चोळत उभा, तर एका शेळ्यांच्या व्यापाऱ्यानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली, पिकअपमध्ये दाटीनं उभ्या असलेल्या शेळ्यांच्या मधोमध नेऊन खाली ठेवली आणि म्हणाला, "चा पिऊन या." चहा पिऊन आलो तर बॅटऱ्या मस्त ऊबदार. जरा वास येत होता, पण वासानं उडायचं थोडंच अडतं? त्या दिवशी बाजाराची जी चित्रं मिळाली, तशी पुन्हा मिळाली नाहीत.

असे किस्से सांगितले की लोक हसतात, मीही हसतो. पण ह्या कामात एक गोष्ट अशी घडली की त्यानंतर बॅटरी पोटाशी धरताना मला हसू येत नाही. ती नामदेवतात्यांची.

तात्यांची वस्ती बेलापूरच्या बाहेर, पाटाच्या कडेला. पलीकडे नदीपर्यंत त्यांचं रान. अब्बांपासूनची ओळख, त्यामुळे तात्या मला अरेतुरे करायचे आणि मला ते आवडायचं. दोन मुलं, अशोक आणि भाऊसाहेब. दोघं समजूतदार. तात्यांनी जितेपणी स्वतःच वाटणी करून दिली होती, भांडण नाही, तंटा नाही. मोजणी झाली होती, खुणा ठोकल्या होत्या. जेसीबी आला की मधून बांध घातला जाणार होता. आणि त्याच सुमारास तात्या अंथरुणाला खिळले. ताप काही उतरत नव्हता. श्रीरामपूरच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. घरी का पाठवलं, ते सगळ्यांना कळलं होतं. तात्यांनाही.

अशोकची बायको सुनंदा, तिचा मला फोन आला. "भाई, तात्या तुमची आठवन काढत्यात. ते उडतं इमान घेऊन या म्हनत्यात."

गेलो. तात्या पडवीत लोखंडी पलंगावर. घरात झोपायला तयार नव्हते, म्हणायचे, भिंती अंगावर येत्यात. मला बघून म्हणाले, "रफिक, मला माझं रान बघायचंय."

मी म्हटलं, "तात्या, सबंध आयुष्य रानातच गेलं की तुमचं!"

"गेलं. पर बघितलं कुठं? आरं, ऊस डोक्याच्या वर. हितनं बघितलं तर ऊस, तितनं बघितलं तर ऊस. ह्या टोकाला हुबा ऱ्हायलो तर ते टोक दिसत न्हाई. जेसीबी यायच्या आदी येकदा आख्खं बघू दे. मधी बांध नसताना."

मी इतकी वर्षं लोकांना त्यांची रानं वरून दाखवतोय, पण माणूस आपलंच रान कधी सबंध बघत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यात काय तात्या! दुपारी उन्हात येतो, झकास शूटिंग करतो आणि तुम्हाला टीव्हीवर दाखवतो."

"शूटिंग नगं."

"का?"

"तुझ्या शूटिंगवर माझा इस्वास न्हाई."

सुनंदा पदर तोंडाला लावून हसायला लागली. कारण तिला माहीत होतं. तात्यांच्या मुलीच्या, मंदाच्या लग्नाची कॅसेट मी केली होती. त्या काळी कॅसेटीत मिक्सिंग नावाचा प्रकार असायचा. नवरानवरीला कापून बर्फाच्या डोंगरात उभं करायचं, तळ्यात नाव सोडायची, त्यात त्यांना बसवायचं, गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरीचं तोंड काढायचं. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मंदाला मी चांगलं काश्मीर फिरवून आणलं होतं. तात्यांनी सगळ्या वस्तीसोबत ती कॅसेट बघितली आणि दुसऱ्या दिवशी जावयाच्या घरी जाऊन विचारलं, "पोरीला इतक्या लांब घेऊन गेलात, येक शब्द सांगायचा तरी!" जावई बिचारा तोंड वासून उभा. ते प्रकरण मिटवायला अब्बांना जावं लागलं होतं.

"माझी मंदा कोपरगावच्या पुढं कदी गेली न्हाई, आन तू तिला बर्फात नाचवलीस," तात्या म्हणाले. "तू माझ्या रानात समुद्र घालशील. मला आत्ता हाय ते दाव. मी म्हनंल तिकडं ने. म्हनंल तितं थांब."

म्हणजे ड्रोन वर असतानाच पडदा तात्यांसमोर धरायचा. ते अवघड नव्हतं. अवघड होती वेळ. ऊन चढलं की तात्यांचा ताप डोक्यात जायचा. मग ते बैलांना हाका मारायचे, बैल विकून जमाना झाला होता. फक्त उजाडताना तेवढे ते ताळ्यावर असायचे. म्हणजे उडवायचं तर उजाडतानाच. आणि तीच वेळ बॅटरीच्या मुळावर येणारी.

पहिल्या दिवशी मी बॅटऱ्या पोटाशी धरून नीट ऊबदार आणल्या. पण सुनंदावहिनी चहा घेतल्याशिवाय सोडेना. तात्यांना उशांचा टेकू देऊन बसवायचं, तोंड धुवायचं, चष्मा शोधायचा, आणि ह्या सगळ्यात बॅटऱ्या शहाबादी फरशीवर राहिल्या. फरशी म्हणजे नुसती बर्फाची लादी. अंगणावरून विजेच्या तारा गेलेल्या, म्हणून घरामागच्या खळ्यातून ड्रोन उडवायचा आणि रिमोट हातात धरून पडवीत यायचं, असं ठरवलं होतं. पडद्यावर ताकीद आली. मी डोक्याइतक्या उंचीवर घुटमळवला, जरा तापल्यासारखं वाटलं, आणि वर घेतला.

तात्या पडद्यावर वाकले. विहीर दिसली. "ही बघ हीर," ते म्हणाले, जशी मी ती पहिल्यांदा बघत होतो. "आता आंब्याकडं घे." आंबा निम्मा आला न आला तोच रिमोट ओरडायला लागला. आकडा घसरला तो घसरलाच, आणि ड्रोन आपला आपण माघारी फिरला. दुसरी बॅटरी लावली, तिनं तर वर जायलाच नकार दिला.

"काय झालं तिला?" तात्यांनी विचारलं.

"थंडी वाजली, तात्या."

"मंग आन हिकडं. माझ्या अंगात ताप हाय, फुकट चाललाय."

सगळे हसले. अशोक हसला, भाऊसाहेब हसला, मी हसलो. तात्या हसले नाहीत, त्यांनी गोधडी उचलून जागा करून दिली. मी पिशवी ठेवली, तर त्यांनी ती पोटाशी ओढून घेतली आणि वर हात ठेवला. मी सांगतो तुम्हाला, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी काढली तेव्हा इतक्या सारख्या, इतक्या छान तापलेल्या बॅटऱ्या मी माझ्या सगळ्या धंद्यात बघितल्या नव्हत्या. पोटावर बॅटरीची एक बाजू तापते, दुसरी गार राहते. रबरी पिशवीत आधी चटका, मग निवते. आणि हा ताप मात्र एका लयीत, एका आचेवर. मी तात्यांना म्हटलं, "वा! एक नंबर!" तर त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते मला अजून दिसतं. कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडून कुणाचं तरी काम झालं होतं.

पण त्या दिवशी धुकं. नदीकडून असं उठलं की खळ्यातून घर दिसेना. ड्रोन वर घेतला तर पडदा पांढराफेक. तात्या बराच वेळ त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो काय तुझा काश्मीर व्हय रं?"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी ड्रोन उतरवला. म्हटलं, "तात्या, उद्या परत येतो."

"मंग ह्या आजबी हितंच ऱ्हाऊ दे," ते पिशवीकडे हात करून म्हणाले. "उद्याला यायचंच हाय तुला."

एरवी बॅटऱ्या मी कुणाकडं ठेवत नाही. ढाब्यानंतर तर कुणाकडंच नाही. पण तात्यांचा हात आधीच पिशवीवर होता. ती वापरलेली बॅटरी तेवढी मी भरून, घरी नीट निवल्यावर तपासून संध्याकाळी आणून दिली, म्हणजे तिन्ही त्यांच्याजवळ असाव्यात. तात्यांनी पांघरुणाखाली पिशवी सरकवली आणि मला म्हणाले, "लवकर ये."

लवकर गेलो. आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. धुक्याचा टिपूस नाही, वारा नाही. मी मनात म्हटलं, आज तात्यांचं काम झालंच. सरळ खळ्यात गेलो, ड्रोनचे पंख उघडले, सगळी तयारी केली. सुनंदावहिनी गोठ्यात धार काढत होती. मला बघून चरवी ठेवली, हात धुतले आणि पडवीतून पिशवी घेऊन आली.

"तात्या उठले का?"

"न्हाई. लई दिसांनी गाढ झोप लागलीय. म्या हळूच काढली पिशवी. चित्र दिसाया लागलं का उठवू."

मी बॅटरी बसवली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. 'बॅटरी थंड आहे, आधी गरम करा.'

मला रागच आला. आज इतकी स्वच्छ सकाळ, आणि आज नेमकी ही कटकट. मी म्हटलं, "वहिनी, पिशवी रात्री बाहेर राहिली होती का?"

"न्हाई वो. त्येंच्या पोटाशीच हुती. आत्ताच काढून आनली की."

दुसरी लावली. तेच. तिसरी लावली. तेच. वहिनीचे हात धारेनंतर गार पाण्यानं धुतलेले, माझे मोटारसायकलवर गारठलेले, स्पर्शावरून दोघांनाही काही कळलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनतंय ते?"

"थंड आहेत म्हणतंय."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आसं कसं हुईल? ताप हाय की त्येंना," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

मग ती धावली. मी धावलो नाही. हातात मोबाईल होता आणि त्याच्यावर ती अक्षरं तशीच उभी होती. घरात अजून कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आधी मला, परक्या माणसाला, एका यंत्रानं सांगितलं होतं. आणि मी त्या यंत्रावर चिडलो होतो. थोड्या वेळानं पडवीतून तिचा आवाज आला. तो मी इथं लिहीत नाही.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माझं मन अजून तिथं जातं. वाटतं, दुपारी उन्हात शूटिंग करून ठेवलं असतं आणि उजाडताना 'हे बघा तात्या, आत्ताचं' म्हणून दाखवलं असतं, तर? पण नसतं चाललं. आयुष्यभर रानात उजाडलेला माणूस तो. सावली बघून म्हणाला असता, "उजाडायला सावली आशी आखूड पडती व्हय रं?" आणि मग माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही गेला असता. हे सगळं कळतं. तरी हळहळ काही जात नाही. एका माणसानं आयुष्याच्या शेवटी माझ्याजवळ एक गोष्ट मागितली, तीही साधी, मी ज्याला त्याला दाखवतो तीच, आणि ती मला देता आली नाही. आधी फरशी आडवी आली, मग धुकं आलं, आणि आभाळ निवळलं तेव्हा बघणारा नव्हता.

तेराव्यानंतर सुनंदावहिनीचा फोन आला. "भाई, उद्याला जेसीबी येतोय. आज दुपारी याल का? ते घेऊन."

मी भर उन्हाचा गेलो. बॅटऱ्या पोटाशी धरायची गरजच नव्हती, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवल्या तरी गरम झाल्या असत्या. तरी धरल्या. अशोक आणि भाऊसाहेब कामानं श्रीरामपूरला गेले होते. वहिनी एकटीच पडवीच्या पायरीवर बसली होती. मला वाटलं होतं, पोरांना किंवा मंदाला पाठवायला शूटिंग हवं असेल.

"कुणाला पाठवायचंय, वहिनी?"

"कुनाला न्हाई. मला बघायचंय. म्या तरी कुठं बघितलंय?"

मला लाज वाटली. मी इतक्या वेळा त्या घरात गेलो, तिच्या हातचा चहा प्यायलो, आणि तिला कधी विचारलं नव्हतं. ती तात्यांच्या बरोबरीनं त्या रानात राबली होती, आणि वाटणीत तिच्या नावावर काही आलेलं नव्हतं. तसं येतही नाही आमच्याकडं.

ड्रोन उडाला तो सरळ वर. विहीर आली, आंबा आला, त्याच्या पुढं ऊस, ऊस, आणि शेवटी नदीकडचा तुकडा. मी आणखी वर घेतला आणि सबंध रान एका चौकटीत बसवलं. मध्ये बांध नाही, काही नाही. तात्यांना हवं होतं ते तस्संच.

मी म्हटलं, "हे बघा, आख्खं."

"ह्येच?"

"हेच."

"येवढुसंच हाय व्हय?"

मी आजवर कितीतरी लोकांना त्यांची रानं दाखवलीत. पहिल्यांदा सगळेच गप्प होतात. त्यांना ते मनात मोठं वाटत असतं. पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वरून सगळंच लहान दिसतं, वहिनी."

"सोन्यासारखी वर्सं गेली ह्येच्यात," ती म्हणाली. "येक सरी खुरपाया घेतली तर सरता सरत न्हाई. आन हितं बघा. रुमालायेवढं." जरा वेळानं म्हणाली, "तात्यांनी बघितलं न्हाई ते... बरं म्हनावं का वाईट, मला कळंना."

मलाही कळेना. अजूनही कळत नाही.

"खाली घ्या जरा," ती म्हणाली.

मी खाली घेतला. पडद्याच्या कडेनं नदी निघून गेली.

"आजून."

आंबा निघून गेला, विहीर निघून गेली. नुसता ऊस राहिला, पडदाभर.

"आजून खाली."

मी तुऱ्यांना लागेल न लागेल इतका खाली आणला. पंखांच्या वाऱ्यानं पाती हलायला लागली. ह्या टोकावरून ते टोक दिसेना. ती पडद्याजवळ आली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली,

"हां. ह्ये हाय आमचं."

बॅटरी गरम होती, बरीच शिल्लक होती. ती बघत होती तोवर मी ड्रोन तिथंच धरून ठेवला.